ही बिल्डिंग आहे का चित्र? आधुनिक इमारतींच्या मागचा ब्रश आणि पेन्सिल

नवी मुंबईच्या नव्या विमानतळाचं उद्घाटन ८ ऑक्टोबर २०२५ ला झालं आणि तेव्हापासून आमच्या घरच्या ग्रुपवर त्याचेच व्हिडिओ येतायत. कमळ उमलल्यासारखे ते खांब, खांब कुठे संपतो आणि छत कुठे सुरू होतं ते कळतच नाही. शिरपूरहून नानांचा फोन आला, "भो, हाई बिल्डिंग शे का चित्र शे?" मी जळगावात घरांचे प्लॅन काढायचं काम करतो त्यामुळे असले प्रश्न माझ्याकडेच येतात. फोनवर नानांना धड सांगता आलं नाही, कारण उत्तर त्यांच्या प्रश्नातच होतं पण ते उलगडायचं म्हणजे शंभर वर्षं मागे जावं लागतं. म्हणून आता बैजवार लिहितो, नाना वाचतीलच.

त्या टर्मिनलचं डिझाइन लंडनच्या झाहा हदीद यांच्या फर्मचं आहे. स्वतः झाहाबाई २०१६ मध्ये वारल्या, पण त्यांची फर्म आज ज्या वळणाने जाते ते वळण बाईंनी आधी कॅनव्हासवर शोधलं होतं, हातात ब्रश आणि ॲक्रिलिक रंग घेऊन. आणि हे फक्त त्यांच्याच बाबतीत झालं असं नाही. गेल्या शतकातल्या ज्या इमारती बघून माणूस रस्त्यात थांबतो त्यातल्या कितीतरी आधी चित्रं होती. आपल्याला वाटतं की आर्किटेक्टच्या डोक्यात घर तयार असतं आणि तो फक्त ते कागदावर उतरवतो, पण मी रोज हेच काम करतो म्हणून खात्रीने सांगतो, बहुतेक वेळा घर सुचतं तेच मुळी रेघ मारताना.

आधी केळीचा खांब घ्या

तीन शब्द समजून घेतले की पुढचं सगळं सोपं जातं. रावेर-यावलकडे घड उतरवल्यावर बांधावर खांब पडलेले असतात ना, त्यातला एक उचला. बाहेरून बघितला तर गुळगुळीत, हिरवट-तपकिरी. हे एलिव्हेशन, म्हणजे समोरून दिसणारं रूप. आता तो विळ्याने आडवा कापा, आत जाळीसारखे छोटे छोटे खण दिसतील, एका पापुद्र्याला लागून दुसरा. हा प्लॅन, घर कमरेच्या उंचीवर आडवं कापलं तर वरून कसं दिसेल तसा. आणि उभा चिरला तर पापुद्रे खालून वर कसे चढत गेले ते दिसतं, तो सेक्शन. लोक घर पसंत करतात एलिव्हेशन बघून, राहतात प्लॅनमध्ये, आणि उजेड-वारा बराचसा सेक्शनमध्ये ठरतो. आमच्याकडे येणारे दहातले नऊ जण फक्त "थ्रीडी दाखवा" म्हणतात म्हणून हे आवर्जून सांगितलं.

तर गंमत अशी की ही ड्रॉइंग माणसाच्या मनावर भिंतीइतकाच ताबा घेतात. आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, एरंडोलकडे आत्याच्या प्लॉटवर लाइनआउट होतं. मिस्त्रीने खुंट्या ठोकल्या, दोरी ताणली आणि मुठीतून फक्की सोडत गेला, पांढऱ्या रेघांचं अख्खं घर जमिनीवर, खऱ्या मापाचं. आत्या पूजेचं ताट घेऊन आली. तिला सरळ रेघ ओलांडून यायला काय हरकत होती, सगळी मोकळी जमीनच तर होती, पण ती वळसा घालून गेली आणि जिथे दाराची जागा सोडली होती तिथूनच आत आली. भिंत नव्हती, नुसती पूड होती, तरी आत्या घरात शिरली!

भुसावळचे रूळ आणि एका जागी उभा असलेला माणूस

आता खरा मुद्दा. भुसावळ जंक्शनच्या पुलावर उभं राहून बघितलं तर रूळ लांब जाऊन एकमेकांना मिळाल्यासारखे दिसतात. हे जसं दिसतं तसं काढायची पद्धत म्हणजे पर्स्पेक्टिव्ह, शाळेत इंटरमिजिएटच्या परीक्षेला बसलेल्यांनी तिला यथार्थदर्शन म्हणलेलं असेल. इटलीतल्या फ्लॉरेन्समध्ये पंधराव्या शतकात ब्रुनेलेस्कीने तिची रीत बसवली आणि पुढची साधारण पाचशे वर्षं युरोपातलं चित्र आणि इमारत दोन्ही तिच्यावर चालली. तिच्यात एक गोष्ट गृहीत असते, की बघणारा माणूस एका जागी उभा आहे, त्याच्या पायाखाली जमीन आहे आणि समोर क्षितिज. मग अशा चित्रातून सुचणारं घरही तसंच, दर्शनी बाजू पुढे, छत वर, भिंती ताठ, कारण चित्राची चौकटच दुसरं काही सुचू देत नाही.

साधारण १९०७ नंतर पॅरिसमध्ये पिकासो आणि ब्राक यांनी ही चौकट मोडली, एकच वस्तू समोरून, बाजूने, वरून अशी एकाच चित्रात. आणि बाकीच्यांनी एक जुनी पद्धत नव्याने हातात घेतली, ॲक्सोनोमेट्रिक. नाव अवघड आहे, अर्थ सोपा आहे, या चित्रात भुसावळचे रूळ कितीही लांब गेले तरी मिळत नाहीत, समांतर ते समांतरच राहतात. आयटीआयला ड्राफ्ट्समन केलेल्यांना आयसोमेट्रिक माहीत असतं, ते याचंच एक भावंड. या चित्रात बघणारा कुठेच उभा नसतो. त्यामुळे वर-खाली, पुढे-मागे हे सगळं सैल होतं आणि भिंत ही हवेत तरंगणारी एक पाटी आहे असं मनात येऊ शकतं. पर्स्पेक्टिव्हमध्ये ते मनात येणं फार अवघड.

काळ्या चौकोनातून घर कसं निघालं

१९१५ च्या डिसेंबरात रशियात पेट्रोग्राडला एक प्रदर्शन भरलं. त्यात काझिमीर मालेविचने पांढऱ्यावर नुसता एक काळा चौकोन रंगवून लावला, आणि लावला कुठे, तर खोलीच्या कोपऱ्यात वर छताजवळ, जिथे रशियन घरात देवाची तसबीर असते. आपल्या घरातल्या देवाच्या कोनाड्यात कोणी कोरी काळी पाटी ठेवावी तसं. त्याचं म्हणणं होतं की चित्राने वस्तू दाखवायचं सोडावं, नुसते आकार, त्यांचं वजन, त्यांचं तरंगणं एवढंच उरावं. पुढे विसाच्या दशकात त्याने तेच आकार प्लास्टरमध्ये घडवले, ठोकळ्यावर ठोकळे, बघताना एखाद्या शहराचे मनोरे वाटतात.

त्याच्याच प्रभावाखालचा एल लिसिट्झ्की, हा शिकलेला आर्किटेक्ट. त्याने आपल्या चित्रांना प्रून असं नाव दिलं आणि सांगितलं की ही चित्रं म्हणजे चित्रकलेतून वास्तुकलेत जाताना गाडी बदलायचं स्टेशन आहे. खान्देशातल्या माणसाला हे वेगळं समजवायची गरज नाही, आपण अर्धं आयुष्य भुसावळला गाडी बदलण्यात घालवलंय.

तिकडे नेदरलँड्समध्ये १९१७ पासून मोंद्रियान, थिओ व्हान डूसबुर्ख ही मंडळी लाल-पिवळे-निळे चौकोन आणि काळ्या रेघा एवढ्यावरच काम करत होती. १९२३ ला व्हान डूसबुर्खने ॲक्सोनोमेट्रिकमध्ये रंगीत पाट्या हवेत तरंगवल्या आणि लगेच १९२४ ला युट्रेक्ट गावात खेरिट रिटफेल्ट नावाच्या फर्निचर बनवणाऱ्या माणसाने तसं घर उभंही केलं, ट्रुस श्रोडर या बाईंसाठी. त्या घरातली एक गोष्ट मला फार आवडते. वरच्या मजल्यावर कोपऱ्यात दोन खिडक्या मिळतात आणि तिथे खांबच नाही, दोन्ही खिडक्या उघडल्या की घराचा कोपराच नाहीसा होतो, हवा आणि झाडं थेट आत. कोपऱ्यात खांब हवाच असं जो मनात धरून बसलाय त्याला हे कधीच सुचलं नसतं, पण चित्रात पाट्या कोपऱ्याला न चिकटता एकमेकींच्या बाजूने निसटत होत्या म्हणून सुचलं. वरच्या मजल्यावर सरकत्या भिंती आहेत, दिवसा सगळं मोकळं आणि रात्री खोल्या. आणि "अशा घरात राहतं कोण" म्हणणाऱ्यांसाठी, ट्रुसबाई त्या घरात १९८५ पर्यंत, म्हणजे मरेपर्यंत राहिल्या.

झाहा हदीद: डोंगरच फोडून ठेवला

झाहाबाईंचा जन्म १९५० चा, बगदादचा. बैरूतला गणित शिकल्या, १९७२ ला लंडनला आर्किटेक्चर शिकायला आल्या. शेवटच्या वर्षी त्यांनी काय केलं तर मालेविचचा तो प्लास्टरचा ठोकळ्यांचा मनोरा घेतला, आडवा केला आणि लंडनच्या थेम्स नदीवरच्या पुलावर हॉटेल म्हणून ठेवून दिला, अर्थात कागदावर. म्हणजे ज्या चित्रकाराचं काम साधारण पन्नास वर्षांपूर्वी राजकारणामुळे अर्धवट राहिलं होतं ते या मुलीने जिथून सुटलं तिथून उचललं.

मग हाँगकाँगच्या डोंगरावरच्या एका क्लबच्या डिझाइनची स्पर्धा होती, १९८२-८३ ची. त्या स्पर्धेसाठी बाईंनी आणि त्यांच्या सोबत्यांनी मोठमोठी पेंटिंग केली. ती चित्रं पहिल्यांदा बघताना गरगरतं. शहर तिरकं झालंय, उंच इमारती डोंगराकडे झुकल्यात, डोंगर स्वतःच दगडाच्या धारदार कपच्यांसारखा फुटलाय आणि त्या कपच्यांमध्ये क्लबचे मजले लांब फळ्यांसारखे सरकवून ठेवलेत. वर कुठे, खाली कुठे, डोळ्याला ठरवता येत नाही. हे दिखाव्यासाठी नव्हतं हो. त्यांना मजल्यांच्या मधली जी मोकळी जागा होती, जिथे माणूस तरंगल्यासारखा वावरणार, तीच डिझाइन करायची होती आणि साध्या प्लॅन-सेक्शनमध्ये मोकळी जागा म्हणजे कोरा कागद, तिथे काढायला काही नसतंच. पेंटिंगमध्ये मात्र मोकळ्या जागेलाही रंग लागतो. स्पर्धा त्या जिंकल्या. क्लब बांधला गेला नाही.

पुढची दहा वर्षं लोक त्यांना कागदी आर्किटेक्ट म्हणायचे. मला हे वाचून दरवेळी वाईट वाटतं, कारण त्या कागदावरच त्यांचं सगळं घडत होतं. शेवटी जर्मनीत वाइल अम ऱ्हाइन इथे फर्निचरच्या एका कारखान्यात, जिथे १९८१ मध्ये मोठी आग लागली होती, तिथलं अग्निशमन केंद्र त्यांना मिळालं आणि १९९३ मध्ये उभं राहिलं. काँक्रीटच्या लांब तिरक्या भिंती, पुढे भाल्यासारखं निघालेलं छप्पर, कडा मुद्दाम धारदार ठेवलेल्या. बंब आत उभा असताना सुद्धा इमारत धावतेय असं वाटतं. चित्रातली तिरकी रेघ आणि ही भिंत शेजारी ठेवून बघा, एकाच हाताची आहे हे लगेच कळतं. २००४ ला त्यांना प्रित्झकर पुरस्कार मिळाला, आर्किटेक्चरमधला सगळ्यात मोठा, आणि तो मिळवणाऱ्या त्या पहिल्या बाई.

"पण हे सगळं परदेशातलं, आपलं काय?"

ताप्ती लाइनची गाडी धरून सुरतेला जा आणि तिथून अहमदाबाद. साबरमतीच्या काठी ल कोर्बुझिए या पॅरिसच्या आर्किटेक्टची मिलमालकांच्या संघटनेची बिल्डिंग आहे, १९५४ ची. हा माणूस सकाळी पेंटिंग करायचा आणि दुपारनंतर ऑफिसला जायचा, वर्षानुवर्षं हाच शिरस्ता. त्याच्या सुरुवातीच्या चित्रांत टेबलावर बाटल्या, गिटार, त्यांचे गोलसर आकार एका चौकटीत एकमेकांना खेटून असतात. आता या बिल्डिंगच्या वरच्या मजल्यावर या, बाहेरून चौकोनी काँक्रीटचा खोका आणि आत सभागृहाची भिंत मात्र बाटलीच्या पोटासारखी वळत जाते. चौकोनी चौकट म्हणजे कॅनव्हास, सभागृह म्हणजे बाटली, असं मी तरी ते वाचतो.

त्याच्या पॅरिसच्या ऑफिसात काम केलेले बाळकृष्ण दोशी, जन्म पुण्याचा १९२७ चा, २०१८ ला प्रित्झकर मिळवणारे पहिले भारतीय. दोशींनी स्वतःच्या इमारतींची चित्रं काढली ती जुन्या लघुचित्रांच्या रीतीने. लघुचित्रात अंगण वरून दिसतं, भिंत समोरून, झाड बाजूने, हत्ती आणखी कसा, सगळं एकाच कागदावर आणि कोणालाही त्यात चूक वाटत नाही. म्हणजे पॅरिसच्या मंडळींनी एवढा गाजावाजा करून जे शोधलं ते आपल्याकडे आधीपासून होतंच. जळगावहून तासा-दीड तासावर अजिंठा आहे, तिथल्या चित्रांतले मंडप बघा, खांब एका बाजूने आणि छत दुसऱ्या बाजूने दिसेल. आणि मान वर करा, काही लेण्यांत छतावर अशी नक्षी रंगवलीय की वरचा कातळ कापडी चांदव्यासारखा हलका वाटतो. चित्राने दगडाचं वजन कमी केलंय.

दोशींचं सगळ्यात धाडसी काम अहमदाबादची गुफा, नव्वदच्या दशकातली. एम. एफ. हुसेन यांना चित्रांसाठी जागा हवी होती, दोघांनी मिळून जमिनीखाली गुहा केली. गोल गोल घुमट, आत झाडाच्या बुंध्यांसारखे वाकडे खांब, वर फुटक्या टाइल्सचे तुकडे आणि त्यातून सरपटणारा काळा नाग. छत फेरोसिमेंटचं, म्हणजे जाळीवर सिमेंटचा पातळ थर, जेमतेम इंचभर. एवढ्या पातळ छताला आधार कसला? आपलं मांड्यांचं खापर आठवा. मातीचं, जाडीला काहीच नाही, तरी चुलीवर पालथं राहून दिवसभर पोळ्या पेलतं कारण ते वाकलेलं आहे. तेवढीच माती सपाट थापून ठेवली तर तडकेल. बाक हीच ताकद. त्या घुमटांचं गणित कॉम्प्युटरवर सोडवलं पण काम केलं आदिवासी मजुरांनी, साध्या हत्यारांनी, आणि मग हुसेन आले आणि थेट भिंतीवर रंगवत सुटले. तिथे चित्र कुठे थांबलं आणि बिल्डिंग कुठे सुरू झाली हे नानांनी विचारलं तर मला सांगता येणार नाही.

"कागदावर काय, काहीही काढता येतं, बिल कोण भरणार?"

हा प्रश्न रास्त आहे आणि तो टाळू नये. सिडनीचं ऑपेरा हाउस बघा. योर्न उत्झोनची रेखाटनं १९५७ ला स्पर्धेत निवडली गेली, शिडासारखी छपरं, पण ती उभी कशी करायची हे तेव्हा कोणालाच माहीत नव्हतं. अंदाज ७० लाख ऑस्ट्रेलियन डॉलरचा होता, शेवटी खर्च झाला १० कोटी २० लाख, आणि पूर्ण व्हायला १९७३ उजाडलं. उत्झोन १९६६ ला काम सोडून गेला आणि पूर्ण झालेली इमारत त्याने कधीच बघितली नाही. जर्मनीत पोट्सडॅमला एरिक मेंडेलसोनचा आइन्स्टाइन टॉवर आहे, पहिल्या महायुद्धात आघाडीवर असताना हा माणूस इवलीइवली चित्रं काढायचा त्यातून आलेला. चित्रात तो एकसंध काँक्रीटचा वाटतो, प्रत्यक्षात बराचसा विटांचा करून वरून गिलावा द्यावा लागला, आणि काही वर्षांतच दुरुस्ती काढावी लागली. झाहाबाईंचं ते अग्निशमन केंद्रही फार काळ अग्निशमन केंद्र राहिलं नाही, आता तिथे प्रदर्शनं भरतात.

म्हणजे हाताची रेघ पुढे धावते, सिमेंट आणि पैसा मागून येतो आणि मधल्या अंतरात माणसं भरडली जातात. पण त्याच सिडनीच्या छपरांचं कोडं सुटलं ते कसं? सगळी छपरं एकाच मोठ्या गोलाची कापं आहेत असं धरून, एका मोसंबीच्या सालीचे लहानमोठे तुकडे काढावेत तसं. त्यामुळे सगळीकडे एकच बाक, एकाच साच्यातून भाग ओतता आले. ती युक्ती आकाराकडे बघत बसल्याशिवाय हाती आली नसती.

"ही सगळी कॉम्प्युटरची कमाल आहे"

अर्धं खरं. स्पेनमधलं बिल्बाओचं गुगेनहाइम म्युझियम, १९९७ चं, त्यासाठी फ्रँक गेरीच्या ऑफिसने विमानं बनवायला वापरतात ते सॉफ्टवेअर घेतलं, नाहीतर प्रत्येक वाकडा पत्रा मोजून कापणं अशक्य होतं. पण सुरुवात गेरीच्या पेनच्या गुंतवळ्यासारख्या रेघोट्यांनी आणि कागद-लाकडाच्या मॉडेलांनी झाली. हाँगकाँगची ती पेंटिंग झाली तेव्हा आर्किटेक्टच्या ऑफिसात टी-स्क्वेअर आणि ट्रेसिंग पेपर होता. सॉफ्टवेअर नंतर आलं आणि त्याने त्या रेघा मोजून दिल्या.

आणि ज्याला चित्र येत नाही त्याचं काय? वॉल्टर ग्रोपियस, १९१९ ला वायमारमध्ये बाउहाउस ही कला-डिझाइनची शाळा काढणारा, त्याला स्वतःला हाताने धड काढता येत नव्हतं, सोबत कायम कोणीतरी काढणारा लागायचा. पण याच माणसाने शाळेत शिकवायला बोलावलं कोणाला तर क्ले आणि कँडिन्स्की, दोघेही चित्रकार. आपल्याला जे येत नाही त्याची किंमत त्याला कळत होती.

मग आता एआयने एका मिनिटात घर काढून दिलं तर?

हे आमच्याकडे रोज होतंय. मध्ये एक जण मोबाइलवर एआयने बनवलेलं घर घेऊन आला, चित्र खरंच देखणं होतं, काच, लाकूड, झाडं, संध्याकाळचा उजेड. म्हणाला असंच पाहिजे. मी बसून त्याचा सेक्शन काढायला घेतला तर जिना खिडकीत जाऊन थांबत होता आणि बाल्कनीत जायला दारच नव्हतं. त्या चित्राला आत नव्हतंच, केळीचा खांब नुसता बाहेरून. त्यात माझा राग एआयवर नाही, मी पण वापरतो. फरक एवढाच की मशीन आधी बनलेल्या लाखो चित्रांच्या वळणावर जाऊन चित्र देतं, आणि झाहाबाई एकेका कॅनव्हासशी झगडत होत्या ते त्या वळणातून बाहेर पडायला. त्या गिऱ्हाइकाला मी चौकटीचा कागद आणि पेन्सिल दिली, म्हणलं तुमच्या आईचं जुनं स्वयंपाकघर आठवून काढा. तो अर्धा तास बसला. कागदावर चूल आली, तिच्या वरचा झरोका आला, आणि मग स्वतःच म्हणाला की असा झरोका नव्या घरात पण जमेल का. त्या झरोक्यावरून आम्ही पुढचा सेक्शन काढला.

आत्याचं सांगायचं राहिलं. पूजा झाल्यावर ती फक्कीच्या घरात, जिथे ओटा येणार तिथे जाऊन उभी राहिली. हात पुढे करून भाकरी थापल्यासारखे हलवले, मग मान वळवून मावळतीकडे बघितलं आणि मिस्त्रीला म्हणाली, "मांगलं दार आठे नको भाऊ, सांजले ऊन डोयाम्हा ई." मिस्त्रीने माझ्याकडे बघितलं, मी मान हलवली. त्याने पायाने तेवढी रेघ पुसली आणि दोन हात अलीकडे, मुठीतून नवी फक्की सोडली.